मुंबईची प्रेक्षणीय स्थळे आणि त्यांची नावे : उमरखाडी ते उमरखेड

आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एक तुकडी काही काळापूर्वी मुंबईस अभ्यासदौऱ्यावर गेली होती. दौऱ्यापूर्वी विद्यार्थ्यांनी प्रेक्षणीय स्थळांची एक यादी तयार केली. अशा याद्यांत जे असावयाचे तेच तीत होते : गेटवे ऑफ इंडिया, घारापुरीची लेणी, राजाबाई टॉवर, राणीची बाग, चौपाटी, महालक्ष्मी, हाजी अली. दौरा यथासांग पार पडला. परत आल्यावर एका विद्यार्थ्याने मात्र यादीत नसलेल्या एका जागेविषयी प्रश्न विचारला. हा विद्यार्थी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचा. डोंगरीजवळून जाताना त्याने ‘उमरखाडी’ अशी पाटी वाचली होती. “सर, ही उमरखाडी आणि आमचे उमरखेड यांचा काही संबंध आहे काय?” असा त्याचा प्रश्न होता. वर्गात थोडा हशा झाला. प्रस्तुत लेखकास मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. त्याचे उत्तर शोधीत असता मुंबईच्या प्रेक्षणीय स्थळांकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी मिळते, आणि ती इतिहासाच्या अभ्यासकांस उपयोगी पडण्याजोगी आहे, असे वाटल्यावरून हा निबंध लिहिला आहे.

प्रथम विद्यार्थ्यांच्या त्या यादीकडे वळू. तीत ज्या इमारती येतात त्यांचा काल पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये उघडले. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लक्ष रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे नाव देवविले. बोरीबंदरावरील रेल्वेच्या भव्य स्थानकाचे काम १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत झाले. ताजमहाल हॉटेल १९०३ चे. पंचम जॉर्ज व राणी मेरी १९११ च्या डिसेंबरात मुंबईस उतरली, त्याच्या स्मरणार्थ योजिलेल्या गेटवेची कोनशिला १९१३ मध्ये बसली. जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले. सेंट टॉमसचे देवालय (१७१८) किंवा टाउन हॉल (१८३३) असे अपवाद वगळले तर प्रवाशास जी मुंबई म्हणून दाखविली जाते ती बव्हंशी १८६० नंतरच्या साठ-पासष्ट वर्षांची निर्मिती होय. दगडावरून मुंबईचा इतिहास वाचणारा मनुष्य साम्राज्याच्या उत्तरार्धाचाच इतिहास वाचतो.

त्याच्या आधीचा इतिहास कोठे गेला? तो पुष्कळसा भरावाखाली गेला. आजची मुंबई मूळची सात बेटे होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, माहीम आणि वरळी. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने ती पोर्तुगीजांस दिली. १६६१ च्या विवाहतहाने ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे गेली, आणि १६६८ मध्ये त्याने ती वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिली. या बेटांमधील खाड्या, उथळ पाणथळी, भरतीच्या वेळी बुडणारे सखल भाग हे पुढील दोन शतकांत बांध घालून व भर टाकून जमिनीत आले. पाणी गेले, त्याचा मागमूस डोळ्यांस दिसत नाही. परंतु पाण्याच्या काठी राहणाऱ्या माणसांनी त्या त्या जागेस दिलेली नावे गेली नाहीत. दगडाला जे सांगता येत नाही ते येथे शब्द सांगतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य एवढेच आहे.

उमरखाडी हे त्याचे उत्तम उदाहरण. मुंबई व माझगाव ही दोन बेटे ज्या खाडीमुळे वेगळी होती तिचे हे नाव. आज तेथे दाट वस्ती आहे. खाडी म्हणावी असे काहीही नाही. जवळच पायधुणी आहे. नावाचा अर्थ उघड आहे : पाय धुण्याची जागा. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यातून पलीकडे जाणारा मनुष्य येथे पाय धुवीत असे. पण शहराच्या या मध्यभागी समुद्राचे पाणी आले कोठून? त्याचे उत्तर पश्चिमेस, मुंबई व वरळी या बेटांमधील मोठ्या खिंडारात आहे. त्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे आणि मधला सखल प्रदेश व्यापी. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकीर्दीत हे खिंडार बांध घालून बुजविण्यात आले. तोच हॉर्नबी वेलार्ड. ‘वेलार्ड’ हा शब्द इंग्रजी वाटतो, परंतु तो पोर्तुगीज ‘व्हालादो’ म्हणजे कुंपण अथवा बांध या शब्दापासून आला आहे. इंग्रज गव्हर्नराने घातलेल्या बांधास पोर्तुगीज शब्द चिकटला, कारण बांधबंदिस्तीची भाषा या बेटांवर आधी पोर्तुगीज होती. आज त्या रस्त्यास लाला लजपतराय यांचे नाव आहे. महालक्ष्मीहून हाजी अलीकडे जाणारा प्रवासी जेथे उभा राहून समुद्र पाहतो, तेथे त्याच्या पाठीमागचा प्रदेशही एके काळी समुद्रच होता, हे त्यास पायधुणी आणि उमरखाडी या दोन नावांवाचून कळण्याचा मार्ग नाही.

याच जातीची आणखी नावे सांगता येतील. चौपाटी हे नाव ‘चौ’ म्हणजे चार व ‘पाटी’ म्हणजे पाण्याची वाट यांवरून आले असावे, असे मत मुंबईच्या गॅझेटियरात (१९०९–१०) मांडले असून तुलनेसाठी पालघर किनाऱ्यावरील सातपाटीचा दाखला दिला आहे. धोबी तलावात तलाव नाही. गोवालिया टँक येथे गुरांना पाण्यावर आणीत. पुढे त्याचे मैदान झाले, आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे ‘छोडो भारत’चा ठराव झाल्याने ते ऑगस्ट क्रांती मैदान झाले. तटाच्या बाबतीतही तोच प्रकार. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, १८६० नंतरच्या दशकात, किल्ल्याचे तट पाडण्यात आले. पण ‘फोर्ट’ आहे आणि ‘चर्चगेट’ही आहे; रोज लक्षावधी माणसे जो दरवाजा अस्तित्वात नाही त्याच्या नावाच्या स्थानकावर उतरतात. नाव हे वस्तूपेक्षा चिवट असते, हा भाषाशास्त्रातील परिचित सिद्धांत येथे प्रत्यक्ष पायाखाली येतो.

या चिवटपणाचे सर्वांत बोलके प्रमाण यादीतील दोन स्थळांत एकत्र सापडते. घारापुरीच्या बेटावर उतरण्याच्या जागेजवळ दगडाचा एक मोठा हत्ती होता. त्यावरून पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ म्हटले, आणि जगाच्या नकाशावर तेच नाव राहिले; १९८७ मध्ये लेण्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला तोही ‘एलिफंटा’ याच नावाने. हत्ती मात्र बेटावर नाही. १८६४ मध्ये तो विलायतेस नेण्याच्या खटपटीत भंगला. तुकडे मुंबईस आणले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जुळविण्यात आले. आज तो भायखळ्यास राणीच्या बागेच्या आवारात, वस्तुसंग्रहालयापाशी उभा आहे. आता दुसरी गोष्ट पाहावी. युवराज असताना सातव्या एडवर्डने १८७५ मध्ये मुंबईस भेट दिली होती. त्याच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट ससून यांनी दिलेला अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये उभारण्यात आला. लोकांनी राजास वगळले आणि घोडा तेवढा उचलला; जागेचे नाव पडले काळा घोडा. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलविण्यात आला, आणि तोही भायखळ्याच्या त्याच बागेत गेला. काळा घोडा हे नाव मूळ जागीच राहिले, आणि अर्धशतकानंतर, २०१७ मध्ये, नावाला जागावे म्हणून तेथे स्वाराविना नवा काळा घोडा बसविण्यात आला. येथे वस्तूवरून नाव पडले नाही. नावावरून वस्तू घडविली गेली. एकच बाग अशी की जिच्यात दोन प्रसिद्ध नावांच्या मूळ वस्तू विसावल्या आहेत, आणि त्या दोन्ही नावांच्या जागा अन्यत्र आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी बाग पाहिली, हत्तीही पाहिला. पण तो कोणता हत्ती, हे त्यांना परतल्यावर कळले. दोष त्यांचा नव्हे. यादीचा आहे, आणि यादी तपासून देणाऱ्या प्रस्तुत लेखकाचाही आहे.

मात्र नावांस पुरावा मानताना सावधगिरी हवी. नाव चिवट असले तरी त्याचा अर्थ चिवट नसतो. अर्थ विसरला की लोक नवा अर्थ जोडतात, आणि तो मूळ अर्थापेक्षा अधिक चटकदार असतो. भेंडीबाजाराचे उदाहरण सर्वश्रुत आहे. कोटातील इंग्रज त्या भागास ‘बिहाइंड द बझार’ म्हणत, त्याचा अपभ्रंश भेंडीबाजार, अशी व्युत्पत्ती वारंवार सांगितली जाते. ध्वनिदृष्ट्या ती अगदीच अशक्य नाही. पण जे शक्य ते घडलेच असे नव्हे. भेंडी हे किनाऱ्यालगत वाढणारे, पिवळ्या फुलांचे एक परिचित झाड आहे. त्या झाडांवरून हे नाव पडले, असे सॅम्युएल शेपर्ड यांच्या मुंबईतील स्थलनामांवरील १९१७ च्या ग्रंथात नमूद आहे. येथे निर्णायक ठरते ती मालिका. फणसवाडी, चिंचबंदर, चिंचपोकळी, ताडदेव, वडाळा अशी वृक्षनामे जेथे ओळीने आढळतात, तेथे भेंडीचा अर्थ झाडातच शोधणे सयुक्तिक होय. एकटे नाव काहीही बोलते. मालिकेत बसविले की ते खरे बोलू लागते.

खुद्द मुंबई या नावास हीच कसोटी लावून पाहू. ‘बॉम बाहिया’ म्हणजे चांगले बंदर, या पोर्तुगीज शब्दांवरून बॉम्बे झाले, असे मत पुष्कळ काळ प्रचलित होते. व्याकरण त्यास अनुकूल नाही. ‘बाहिया’ हा पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी शब्द आहे. त्याचे विशेषण ‘बोआ’ व्हावे, ‘बॉम’ नव्हे. शिवाय पोर्तुगीज कागदपत्रांत ‘मोंबाईं’, ‘बोंबाईं’ अशी सानुनासिक अंत्याक्षराची रूपे येतात. वसईस पोर्तुगीज ‘बासाईं’ म्हणत. वसई–बासाईं, तसे मुंबई–मोंबाईं. दोन्ही ठिकाणी मराठी ‘ई’ची पोर्तुगीज ‘ईं’ झाली आहे. म्हणजे मूळ शब्द स्थानिक, पोर्तुगीजांनी तो आपल्या उच्चारात घेतला, इंग्रजांनी तेथून उचलला. मुंबादेवीचे मूळ देऊळ आजच्या बोरीबंदराच्या परिसरात होते, ते अठराव्या शतकात हलवून सध्याच्या जागी आले. तेव्हा ज्या देवतेवरून शहराचे नाव पडले तिची मूळ जागाही आज रेल्वेस्थानकाच्या गजबजाटात हरवली आहे. १९९५ मध्ये मुंबई हेच नाव सर्व भाषांत अधिकृत झाले; मराठी माणसाच्या तोंडी ते कधी बदललेच नव्हते.

मालिकेची कसोटीदेखील सर्वत्र निर्णय देत नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजांचे ‘अपोलो बंदर’ म्हणजे मराठी ‘पालवा बंदर’. ग्रीक देवतेशी त्याचा काही संबंध नाही, एवढे निश्चित. पण पालवा हे पालव माशावरून की पाल जातीच्या गलबतावरून, याविषयी मतभेद आहेत. बोरीबंदर हे बोरीच्या झाडावरून की मालाच्या बोऱ्यांवरून, यासंबंधीही दोन पक्ष संभवतात. अशा ठिकाणी दोन्ही पक्ष मांडून थांबावे. प्रवाशाला निश्चित उत्तर हवे असते. विद्यार्थ्याला अनिश्चिततेची सीमा कळली पाहिजे.

आता उमरखेडच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. ‘उमर’ ऐकताच त्या नावाच्या एखाद्या पुरुषाशी गावाचा संबंध जोडण्याचा मोह होतो, आणि उमरखाडीच्या बाबतीत आजूबाजूची वस्ती पाहून तो अधिकच होतो. मालिका निराळे सांगते. संस्कृत उदुंबर, प्राकृत व मराठी उंबर, आणि ‘म्ब’ या जोडाक्षरातील ‘ब’ लोपून उमर, हा क्रम ध्वनिशास्त्रास धरून आहे; हिंदीत या झाडास ऊमर असेच म्हणतात. स्थलनामांत दोन्ही रूपे सापडतात : एकीकडे उंब्रज, उंबरगाव, दुसरीकडे उमरेड, उमरी, उमरगा. सर्वांत महत्त्वाचा दाखला जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात आहे. तेथील गावाचे नाव उंबरखेड असे आहे. ‘खेड’ हे संस्कृत ‘खेट’पासून आलेले. म्हणजे आमचे उमरखेड व ते उंबरखेड ही एकाच नावाची दोन उच्चारणे ठरतात, आणि उमरखाडी म्हणजे उंबराच्या काठची खाडी. संबंध आहे तो एवढा. एका गावच्या लोकांनी दुसरे वसविले असा नव्हे. एकाच भाषेच्या लोकांनी दोन दूरच्या ठिकाणी जमिनीकडे एकाच रीतीने पाहिले, असा.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. उंबर हे पाण्याजवळचे झाड आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल ओळखण्याविषयीचा एक अध्याय आहे, आणि ज्या झाडांवरून जमिनीखालचे पाणी ओळखावे त्यांत उदुंबराची गणना आहे. विहीर कोठे खणावी याचा विचार करणारा शेतकरी आजही उंबराकडे पाहतो. तेव्हा पैनगंगेच्या खोऱ्यातील या गावाचे नाव केवळ एका झाडाचे स्मारक नसून वसाहत करणाऱ्यांनी तेथे पाण्याची खूण पाहिली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. हे अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. ते तपासावयाचे तर गावातील जुन्या विहिरींची, नाल्यांची, शिवारांची नावे गोळा करावी लागतील. मुंबईच्या नावांसाठी गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ मध्ये, आचार्य व शिंगणे यांनी १८८९ मध्ये, राजवाड्यांनी महिकावतीची बखर १९२४ मध्ये प्रसिद्ध करून, आणि शेपर्ड प्रभृतींनी आपापल्या परीने सामग्री जमविली. उमरखेडसारख्या गावासाठी असे कोणी बसलेले नाही. ज्या वृद्धांच्या जिभेवर ती नावे आहेत त्यांच्यामागे ती लिहून घेण्यास कोणी उरणार नाही. मुंबईत समुद्र बुजला तरी नावे टिकली, कारण ती वेळीच लिहिली गेली. न लिहिलेले नाव चिवट असले तरी ते बोलणाऱ्या माणसापुरतेच चिवट असते.

शेवटी नामांतराविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. वरील विवेचनावरून नावे बदलूच नयेत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आमचा नव्हे. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले व २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हे पद आले. फ्लोरा फाऊंटनचा चौक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील बलिदानानंतर हुतात्मा चौक झाला. ही नामांतरे स्वतःच इतिहास आहेत. त्या चौकात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गोळीबारात माणसे मेली, हे कारंज्यावरील रोमन देवता सांगू शकत नव्हती. परंतु नवे नाव देताना जुने नाव, ते किती काळ चालले आणि लोक त्या जागेस काय म्हणत, याची नोंद राहिली पाहिजे. हॉर्नबी वेलार्ड हे नाव पाटीवरून गेले यात दुःख नाही. पण तेथे बांध होता आणि बांधाच्या आत समुद्र होता, हेही त्याबरोबर गेले तर पायधुणीचा अर्थ पुढील पिढीस लागणार नाही, आणि मग कोणीतरी त्यास एखादी चटकदार व्युत्पत्ती जोडील.

त्या विद्यार्थ्यास आम्ही एवढेच सुचविले आहे की पुढील सुट्टीत गावी गेल्यावर त्याने एक वही घ्यावी, आणि आजोबांस बरोबर घेऊन गावाच्या चारी दिशांस चालावे. प्रत्येक विहीर, नाला, माळ, पांद यांची नावे जशी उच्चारली जातात तशीच लिहावी, अर्थ विचारावा, आणि सांगितलेला अर्थ व स्वतःस सुचलेला अर्थ हे दोन वेगळ्या रकान्यांत नोंदवावे. आपल्या गावात पाहण्यासारखे काही नाही, असे तो वर्गात म्हणाला होता. वही भरून आल्यावर त्याचे मत काय होते ते पाहावयाचे आहे. अन्य विद्यार्थ्यांनीही आपापल्या गावी हे कार्य हाती घ्यावे आणि नोंदी विभागाकडे पाठवाव्या, अशी विनंती आहे.